जॉयस्टिक नाही? माऊसवर विमान उडवायला शिका

कुडाळ, कणकवली, चिपळूण, कुठल्याही बाजारपेठेत जॉयस्टिक मागून बघा, दुकानदार दोन अंगठ्यांनी चालवायचा गेमपॅड पुढे करेल. ऑनलाइन मागवायची तर बऱ्यापैकी जॉयस्टिकला काही हजार मोजावे लागतात, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत तिच्या आतले संपर्क किती पावसाळे काढतील कोण जाणे. पोरगं सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळासाठी, हट्ट धरून बसलंय म्हणून लगेच एवढा खर्च करायची गरज नाही. माऊस घरात असतोच. त्यावर सेस्ना हे छोटं विमान उडतं, वळतं आणि धावपट्टीवर उतरतंसुद्धा.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसायला हवी. जॉयस्टिकला स्प्रिंग असते. हात काढला की ती आपसूक मधे येते. माऊसला स्प्रिंग नाही. तुम्ही तो दोन बोटं डावीकडे सरकवलात आणि चहाचा कप उचलायला हात काढलात, तर सिम्युलेटरच्या लेखी तुम्ही दांडा डावीकडे धरूनच बसला आहात. विमान कलत जातं, कलतच राहतं आणि शेवटी पाठीवर पडतं. नवख्यांची बहुतेक विमानं अशीच समुद्रात जातात. तेव्हा मधे आणायचं काम स्प्रिंगचं नाही, आपलं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कुठला सिम्युलेटर घ्यावा

शिकायला फ्लाइटगिअर घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि माऊसने उडवायची सोय त्यात मुळातच आहे. मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर दिसायला देखणा, पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड आणि सतत चालणारं जोरदार नेट लागतं. खेडेगावात ही दोन्ही एकाच घरात असतील तर तुम्ही नशीबवान. एक्स-प्लेन विकतचा आहे, पण डेमो फुकट मिळतो. त्याबद्दल शेवटी सांगतो.

फ्लाइटगिअर पहिल्यांदा उघडला की लाँचर येतो. त्यात सीनरी आपोआप उतरवून घेण्याचा पर्याय असतो, त्याचं नाव टेरासिंक. तो चालू केला की तुम्ही उडता उडता पुढच्या भागाची जमीन, नद्या, धावपट्ट्या नेटवरून येत राहतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा बघता बघता संपेल. एखाद्या रात्री चांगल्या नेटवर मुंबई ते गोवा हा पट्टा एकदा फिरून घ्या. आलेली सीनरी डिस्कवर राहते, मग नेट नसलं तरी अडत नाही.

विमान म्हणून सेस्ना १७२पी निवडा. जेटच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. मुलांना पहिल्या दिवशीच लढाऊ विमान हवं असतं आणि पहिल्या मिनिटातच ते जमिनीत घुसतं.

माऊसची तयारी

लॅपटॉपच्या टचपॅडवर प्रयत्नसुद्धा करू नका. साधा वायरचा, चाक असलेला माऊस घ्या. चाक दाबलं की मधलं बटण म्हणून चालतं का ते तपासा, ते लागणार आहे. टेबलावर चकचकीत सनमायका असेल तर खाली पॅड ठेवा. पॅड नसेल तर जाड, खरखरीत कागदाचं जुनं कॅलेंडर चालेल. चकाकत्या पृष्ठभागावर ऑप्टिकल माऊस मधेच उडी मारतो, आणि धावपट्टीपासून दहा फुटांवर मारलेली उडी महागात पडते.

मग विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये जा. तिथे 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची खूण असते, ती काढून टाका. नाव फसवं आहे. ती चालू असताना हात जितका जोरात हलवाल तितका पॉइंटर जास्त लांब पळतो, म्हणजे तेच दोन बोटांचं अंतर कधी थोडं, कधी भलतंच. ऑफिसच्या कामाला ते सोयीचं असेल. विमानात मात्र हाताला अंदाज लागायला दोन बोटं म्हणजे कायम दोन बोटंच असायला हवीत. पॉइंटरचा वेगही नेहमीपेक्षा दोन घरं कमी करा.

टॅबची कळ

फ्लाइटगिअरमध्ये माऊसच्या तीन अवस्था आहेत आणि टॅब दाबून त्या फिरवायच्या. साधा बाण दिसतो तेव्हा माऊस नेहमीसारखा: मेनू उघडा, कॉकपिटमधली बटणं दाबा. टॅब दाबला की बाणाचा क्रॉस होतो; आता माऊस म्हणजे विमानाचा दांडा. पुन्हा टॅब दाबला की दुहेरी बाण येतो; आता माऊस म्हणजे तुमची मान, इकडेतिकडे बघायला. आणखी एकदा दाबला की परत साधा बाण. जुन्या आवृत्त्यांत हेच काम उजव्या क्लिकने व्हायचं, त्यामुळे कुठे तसं वाचलंत तर गोंधळू नका.

क्रॉस असताना माऊस डावी-उजवीकडे नेला की पंख कलतात. मागे, म्हणजे आपल्याकडे ओढला की नाक वर, पुढे ढकलला की नाक खाली. डावं बटण दाबून ठेवून माऊस आडवा हलवला तर रडर, म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, फिरतो. मधलं बटण दाबून माऊस पुढे-मागे केला तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर. चाक फिरवलं की ट्रिम, म्हणजे नाक हवं तिथे आपोआप टिकवायची सोय. एवढं सगळं एका हातात घेऊन बसण्यापेक्षा थ्रॉटल कीबोर्डवर ठेवा: पेज अपने वाढतो, पेज डाउनने कमी होतो. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, ही बैठक पहिल्यापासून लावून घ्या.

रडरसाठी एक पळवाट आहे आणि नवख्याने ती खुशाल वापरावी. लाँचरच्या सेटिंगमध्ये जादा पर्याय लिहायची चौकट असते. तिथे एनेबल, ऑटो आणि कोऑर्डिनेशन हे तीन शब्द इंग्रजी छोट्या लिपीत, मधे एकेक आडवी रेघ देऊन आणि सुरुवातीला दोन आडव्या रेघा देऊन लिहा. आता पंख कलवले की त्या बेताने रडरही आपोआप फिरतो. याचा दुसरा फायदा जमिनीवर होतो: टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, माऊस आडवा हलवला तरी नाक वळतं.

पहिला धडा हवेत, जमिनीवर नाही

धावपट्टीवरून सुरुवात केली की आधी इंजिन, मग टॅक्सी, मग टेक-ऑफ, आणि या सगळ्यात मूळ गोष्ट शिकायची राहून जाते. लाँचरमध्ये विमानतळ निवडताना 'फायनल'वर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, दूर हवेत सुरुवात करता येते. मुंबई निवडा, संकेत व्हीएबीबी, धावपट्टी ०९, अंतर दहा मैल. खऱ्या मुंबईत विमानं बहुतेक वेळा २७ वर, म्हणजे जमिनीच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. आपण मुद्दाम ०९ घेतो, कारण मग खाली नुसता अरबी समुद्र असतो. डोंगर नाही, टॉवर नाही, चुकायला मोकळं रान.

हवेत आल्याबरोबर पी दाबून थांबवा. श्वास घ्या. एच दाबा, म्हणजे समोरच्या काचेवर हिरवे आकडे येतील. त्यांच्या कडेला दांडा आणि रडर आत्ता कुठे आहेत हे दाखवणाऱ्या छोट्या खुणाही असतात. माऊसला स्प्रिंग नसल्याची भरपाई या खुणांनी करायची. हाताला कळत नाही ते डोळ्याला कळतं.

पुन्हा पी दाबा, इंजिन मिनिटाला २३०० फेऱ्यांच्या आसपास आणा, आणि माऊसला हात लावू नका. खरंच लावू नका. विमान नाक थोडं वर करेल, खाली करेल, डोलेल आणि हळूहळू एका वेगावर स्थिरावेल. सेस्ना मुळात सरळ उडायला बनवलेली आहे. तिला बिघडवतो तो आपला हात. माझा भाचा पहिल्याच दिवशी ओरडला होता, "मामा, ह्यां इमान सरळ जातच नाय!" मी म्हटलं, "मेल्या, आधी माऊस सोड." सोडला आणि विमान सरळ झालं.

नाक सतत वर किंवा खाली जात असेल तर ते माऊसने धरून ठेवायचं नाही. त्यासाठी ट्रिम. होम आणि एंड या कळा किंवा चाक वापरा. कुठल्या कळेने नाक कुठे जातं ते एकदा दाबून बघा, पण एका वेळी दोन-तीन टिचक्यांवर जाऊ नका. प्रत्येक टिचकीनंतर पाच सेकंद थांबा. जॉयस्टिकवाला ट्रिमकडे दुर्लक्ष करून दांडा दाबून धरू शकतो. माऊसवाल्याला ती चैन नाही. वेग बदलला, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) सोडले, थ्रॉटल हलवला की लगेच ट्रिम. हातातून माऊस सुटला तरी विमान आहे तसं जात राहिलं, तर ट्रिम बरोबर लागली असं समजा.

वळण

आता डावीकडे वळा. माऊस बोटभर डावीकडे सरकवा. पंख कलू लागतील. साधारण वीस अंश कल झाला की माऊस तितकाच परत उजवीकडे, मधे आणा. इथेच बहुतेक जण अडतात. त्यांना वाटतं, वळत राहायचं तर माऊस डावीकडेच ठेवायला हवा, मोटारीच्या स्टिअरिंगची सवय ती. पण विमानात माऊस कल किती हे ठरवत नाही, कल किती वेगाने वाढतोय हे ठरवतो. मधे आणलात की कल आहे तिथेच राहतो आणि विमान शांतपणे वळत राहतं. सरळ व्हायचं असेल तेव्हा उजवीकडे बोटभर, पंख समतल झाले की पुन्हा मधे. म्हणजे एका वळणात हाताच्या चार हालचाली: न्या, आणा, उलट न्या, आणा.

वळताना नाक थोडं खाली जातं, तेव्हा माऊस नखभर मागे. नखभरच. नाक लगेच उठलं नाही म्हणून आणखी ओढलात तर दोन सेकंदांनी ते नको इतकं उठेल, मग तुम्ही ढकलाल, मग ते पडेल. खाडीत होडी चालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: सुकाणू फिरवलं की होडी लगेच वळत नाही, आणि ती वळायला लागली की सुकाणू आधीच परत आणावं लागतं. ढकल-ओढीच्या या झोक्यात सापडलात तर माऊस मधे आणा आणि सोडून द्या. नमपॅडवरचा, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांतला, ५ दाबला की दांडा एका फटक्यात मधे येतो. संकटातली ही कळ कुठे आहे ते न बघता बोटाला सापडलं पाहिजे.

दिशेचा सराव कोकणात फार सोपा आहे. किनारा साधारण उत्तर-दक्षिण. उत्तरेला तोंड असेल तर डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे सह्याद्री. दक्षिणेला निघालात तर उलट. मुंबईहून किनारा धरून दक्षिणेला निघा: अलिबाग, मुरूड, हर्णै, जयगड, रत्नागिरी. खाड्या ओळखत गेलात तर नकाशा लागत नाही. दोन हजार फुटांवर, किनाऱ्यापासून जरा आत समुद्रावर राहा. पूर्वेला फार सरकलात तर सह्याद्रीची भिंत येते, आणि तिच्यावरून जायला दोन हजार फूट पुरत नाहीत.

बघायचं कसं

हात एक, कामं दोन. टॅब दाबून दुहेरी बाणावर गेलात की दांडा तुम्ही शेवटी जिथे ठेवला होता तिथेच राहतो. डावीकडे बोटभर असताना टॅब दाबलात आणि खिडकीतून किल्ला बघत बसलात, तर परत येईपर्यंत समुद्र डोक्यावर आलेला असेल. क्रम असा ठेवा: पंख समतल, माऊस मधे, मगच टॅब. दोन-तीन सेकंद बघा, परत या.

खरं तर दुहेरी बाणाच्या वाटेला न जाताही बघता येतं. शिफ्ट धरून नमपॅडचे आकडे दाबले की नजर ठरावीक दिशेला वळते. ८ म्हणजे समोर, ४ म्हणजे डावीकडे, ६ म्हणजे उजवीकडे. उतरण्याआधी धावपट्टी कुठे राहिली ते बघायला मला हाच प्रकार बरा वाटतो, कारण माऊसवरचा हात हलत नाही. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपला वेगळा नमपॅड मिळतो. जॉयस्टिकच्या मानाने स्वस्तही पडतो.

टेक-ऑफ

हवेत वळणं जमली की धावपट्टीवर या. सेस्नाच्या मेनूत ऑटोस्टार्ट आहे, इंजिन त्यानेच सुरू करा. पार्किंग ब्रेक शिफ्ट-बीने सुटतो. माऊस मधे आहे ना ते हिरव्या खुणांवर बघा, मग पेज अपने थ्रॉटल हळूहळू पूर्ण द्या. विमान डावीकडे ओढेल. पंख्याचा तो स्वभाव आहे. नमपॅडच्या एंटरने उजवा रडर, शून्याने डावा. टिचक्या मारत मधली रेघ धरा. ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) माऊस थोडा मागे, नाक उठलं की तिथेच थांबा, आणि ७५ नॉटवर चढू द्या. वेग त्याखाली घसरू लागला तर नाक खाली. टेक-ऑफमध्ये याहून जास्त काही नाही.

उतरणं

याला वेळ द्या. पुन्हा फायनलवर हवेत सुरुवात करा, पण या वेळी अंतर पाच मैल.

थ्रॉटल १५०० फेऱ्यांच्या आसपास आणा. वेग उतरू द्या. ८५ नॉटच्या खाली आलात की उजवा चौकटी कंस दाबून फ्लॅप एकेक पायरी सोडा. डाव्या कंसाने ते परत वर जातात. प्रत्येक पायरीला नाक हलेल, प्रत्येक वेळी ट्रिम. शेवटी ६५ ते ७० नॉटवर, माऊस न धरता, विमान उतरत आलं पाहिजे. ते जमलं की लँडिंगचं अर्धं काम झालं.

आता धावपट्टी काचेत कुठे दिसते ते बघत राहा. वर सरकत असेल तर तुम्ही धावपट्टीच्या अलीकडेच टेकणार. थ्रॉटल थोडा वाढवा. खाली सरकत असेल तर तुम्ही उंच आहात, कमी करा. उंची थ्रॉटलने, वेग नाकाने. माऊसवाल्याला ही पद्धत फारच सोयीची, कारण बहुतेक काम डाव्या हाताकडे जातं.

धावपट्टीची कडा पायाखालून गेली की थ्रॉटल पूर्ण बंद. माणसाच्या दोनेक उंचीवर आलात की माऊस मागे घ्यायला लागा, पण एका ओढीत नाही. नखभर ओढा, थांबा, विमान बसतंय असं वाटलं की पुन्हा नखभर. यासाठी आधीच माऊस पॅडच्या पुढच्या भागात ठेवलेला हवा, नाहीतर ऐन वेळी पॅड संपतो आणि माऊस उचलून ठेवावा लागतो. विमान वर उठलं तर ढकलू नका. तसंच धरून ठेवा, ते आपोआप बसेल. चाकं टेकल्यावरही माऊस एकदम पुढे सोडू नका. बी दाबून ब्रेक, तोही तुकड्यातुकड्याने.

मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे, सेस्नाला त्यातला थोडासाच भाग लागतो, म्हणून शिकायला ती बरी. मग जुहूला जा, संकेत व्हीएजेजे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमानाने इथेच उतरले होते. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्याही आत आहे आणि समुद्राकडून येताना मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या आधी, जवळजवळ त्याच दिशेत दिसते. त्यामुळे खरे वैमानिकही फसलेत: १९५३ साली एक कॉमेट जेट आणि १९७२ साली जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ सांताक्रूझ, म्हणजे तोच मोठा विमानतळ, समजून जुहूला उतरलं. दुसरं विमान धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि निकामीच झालं. तेव्हा ०९ वर येताना आधी दिसेल ती धावपट्टी आपली समजू नका.

दक्षिणेत गोव्याचं दाबोळी, संकेत व्हीओजीओ, समुद्रालगतच्या सड्यावर आहे. तिथे उतरायला मजा येते. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, अडीच किलोमीटरची धावपट्टी. जुन्या सीनरीत तिथे नुसता मोकळा सडा दिसेल, नव्यात बघा.

हवामान आणि इतर सिम्युलेटर

फ्लाइटगिअर नेटवरून खरं हवामान घेऊ शकतो. जून ते सप्टेंबर तो पर्याय बंद ठेवा. मोसमी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. मुंबईच्या २७ वर तो जवळपास समोरून लागेल, पण १४ किंवा ३२ या दुसऱ्या धावपट्टीवर आडवा येईल. आडव्या वाऱ्यात पंख एका बाजूला आणि रडर दुसऱ्या बाजूला धरावा लागतो, आणि आपण लावलेलं ऑटो-कोऑर्डिनेशन नेमकं याच्या उलट करतं. ते बंद करून डावं बटण आणि माऊस यांची कसरत शिकेपर्यंत हवा शांत ठेवलेली बरी.

एक्स-प्लेनमध्ये जॉयस्टिक जोडलेली नसेल तर पडद्याच्या मधोमध छोटा पांढरा क्रॉस दिसतो. त्यावर क्लिक केलं की माऊस दांडा होतो, पुन्हा क्लिक केलं की सुटतो. इथे क्रॉसपासून पॉइंटर किती दूर आहे ते डोळ्याला दिसतं, त्यामुळे मध्य सापडायला सोपं जातं. थ्रॉटल एफ-१, एफ-२ वर, फ्लॅप १, २ वर.

गूगल अर्थ प्रोमध्येही एक छोटा सिम्युलेटर आहे, टूल्स मेनूत. शिकायला तो कामाचा नाही, पण खाली उपग्रहाची खरी चित्रं असतात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा वरून बघायचे तर तो लावा. वॉर थंडरसारख्या लढाईच्या खेळांत माऊस फक्त कुठे जायचं ते दाखवतो, उडवायचं काम खेळच करतो. ती सवय लागली तर सेस्ना शिकताना ती आधी मोडावी लागते.

जॉयस्टिक कधी घ्यायची? आडव्या वाऱ्यात उतरायचं असेल, पुस मॉथसारखी शेपटीवर बसणारी विमानं टॅक्सी करायची असतील, तेव्हा. तीही मनगट पिळून रडर फिरवता येईल अशी बघून घ्या, आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात बंद ठेवा. आणि हेलिकॉप्टर? त्यात एकही सेकंद हात काढता येत नाही. ते माऊसवर उडवायच्या भानगडीत पडूच नका.